सालींचा ढीग आणि तीन सूचना

मोसंबीचा रस काढला की जवळजवळ निम्मी मोसंबी शिल्लक राहते. रस पिणाऱ्याला ती दिसत नाही, कारण गिलास त्याच्यासमोर असतो आणि साल दुकानाच्या मागे. माझे काम त्या मागच्या बाजूचे आहे. गेली आठ वर्षे इंदूरबाहेरच्या एका कारखान्यात मी साली, चोथा, बिया आणि कोयी यांपासून विकता येईल असे काही तयार करते. ‘विकता येईल असे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उपयोगी वस्तू तयार करणे फारसे अवघड नाही. प्रयोगशाळेत एका आठवड्यात तशा पाच मी करून दाखवीन. त्यासाठी दुसऱ्या माणसाने खिशात हात घालणे अवघड असते.

या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहून मागितले तेव्हा मी त्यांना कळवले की माझे वय बत्तीस आहे आणि आठवणी लिहायला ते अपुरे आहे. त्यांचे उत्तर आले की यंदा ज्येष्ठांचे चार लेख आले असून चारही बँकेतले आहेत. त्यामुळे सालींचा विचार झाला.

सुरुवातीलाच सांगून ठेवते. या लेखात मी एका माणसाची नोकरी घालवते. ती त्याला परत मिळते की नाही, हा लेखाचा विषय आहे. शास्त्र त्यासाठी लागेल तेवढेच दिले आहे.

आमच्या धंद्यात ग्राहक दोन प्रकारचे असतात. एकाला टाकाऊपासून काही केले आहे हे लपवायचे असते आणि दुसऱ्याला तेवढेच सांगायचे असते. तुकोगंजातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्याला आम्ही चेहऱ्यावर लावण्यासाठी संत्र्याच्या सालीची बारीक पूड देत होतो. तिसऱ्या खेपेनंतर तिथल्या डॉक्टरबाईंनी तक्रार केली की पुडीला संत्र्याचा वास येतो. मी त्यांना लेखी खुलासा पाठवला. त्यांनी तो मान्य केला, पण माल बंद केला. दुसरे एक गृहस्थ जांभळाच्या बियांची पूड घेण्यास तयार होते. अट एवढीच होती की डब्यावर मधुमेह मुळापासून बरा होतो असे छापावे. मी म्हटले, आमच्याकडे तसा पुरावा नाही. ते म्हणाले, छापल्यावर तयार होईल. तो व्यवहार झाला नाही, याची मला खंत नाही. पुढे जे लिहिते आहे त्याची आहे.

मोसंबीच्या सालीत, पिवळ्या पापुद्र्याखाली, जो पांढरा मऊ थर असतो त्यात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. चघळायच्या गोळ्यांमध्ये, काही औषधांमध्येही ते लागते आणि चांगल्या प्रतीच्या पेक्टिनला मागणी कायम असते. साल आली की ती ताबडतोब कडकडीत पाण्यात टाकावी लागते, नाहीतर सालीतलेच एक द्रव्य पेक्टिन मोडायला लागते. मग धुणे, सौम्य आम्लात तापवणे, गाळणे आणि गाळलेल्या द्रवात अल्कोहोल ओतणे. त्या क्षणी भांड्यात शेवयांसारखे पांढरे धागे तरंगू लागतात. ते पिळून, वाळवून, दळून पोत्यात भरतात. मी हे काम पहिल्यांदा केले तेव्हा धागे दिसल्यावर अर्धे मिनिट काही बोलले नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या आठवणीत ती एकच वेळ आहे.

कारखान्यात पेक्टिनचा विभाग माझ्या आग्रहावरून सुरू झाला. आमचे मालक नवीनजी यांना सालींची पूड आणि थोडे तेल एवढ्यावर समाधान होते. त्यांना मी वर्षभर पटवले. त्यांनी यंत्रे घेतली आणि दर सोमवारी मला विचारू लागले, “मॅडम, आपला पेक्टिन कुठपर्यंत आला?” जणू तो बसने येणार होता.

आता मोरेजी. सदाशिव मोरे, वय पंचावन्नच्या आसपास, आमच्या आवाराचे मुकादम. इथल्याच मराठी घरातले. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि आमच्याशी दोन्हीचे मिश्रण. शेजारच्या रसाच्या कारखान्यातून साली भरलेल्या ट्रॉलींच्या खेपा दिवसभर येत. त्या उतरवून घेणे, ढीग लावणे, उकळत्या पाण्याच्या टाकीकडे माल पाठवत राहणे हे त्यांचे काम. ते ठेकेदारामार्फत होते. आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांनी बरीच वर्षे शहराच्या सफाईचे काम केले होते, आणि या शहरात ते काम केलेल्या माणसाला रस्त्यावर पडलेला कागद दिसला की चालताना पाय अडतो. मोरेजींच्या आवारात झाडूच्या रेघा समांतर असत.

हंगाम भरात आला की साल टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त येई आणि ढीग थांबून राही. ढीग म्हटला की माशा आल्या. एका सकाळी शहरातून तपासणीला माणसे येणार असल्याचे कळले. मी ढिगाकडे गेले, माशा पाहिल्या आणि कार्यालयात परत येऊन सूचना काढली. ती हिंदीत होती. इथे मराठीत देते. ‘सालींच्या ढिगावर माशा आढळता कामा नयेत. आढळल्यास आवार मुकादम जबाबदार राहतील.’ खाली माझी सही. ही पहिली सूचना.

माशा कशा घालवाव्यात हे सूचनेत नव्हते. ते मला माहीत नव्हते, आणि सूचना काढणाऱ्याला ते माहीत असावे असा नियमही नाही. पण माशा गेल्या. तपासणीची माणसे आली, समांतर रेघा पाहून गेली, आणि मी मोरेजींना “चांगले आहे” असे म्हटले. ते म्हणाले, “अब नाही येणार मॅडम, माझी गॅरंटी.” मी त्यावर अधिक विचारले नाही.

त्यानंतर चारपाच दिवसांनी जेली बसेना.

पेक्टिन चांगले आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. ठराविक साखर, आम्ल आणि पेक्टिन घालून ग्लासात जेली लावायची, दुसऱ्या दिवशी ती ताटलीत उलटी करायची आणि किती खचते ते मोजायचे. चांगली जेली उभी राहते. बरी जेली थोडी बसते. आमची जेली ग्लासातून बाहेर आली आणि ताटलीवरून टेबलावर गेली. मोजण्यासारखे काही उरले नाही. पेक्टिनचे धागेही कमी येत होते, आणि आलेले आखूड होते.

मी पद्धतशीरपणे शोध घेतला. आम्लाची नवी पिंपे तपासली. तापमापक बदलले. मोसंबीची जात बदलली आहे का, हे रसवाल्यांना विचारले. पेक्टिन जाळून मागे राहणारी राख मोजली, तर ती नेहमीपेक्षा बरीच जास्त होती, आणि त्यात कॅल्शियम होते. इथे मला वाटले की चोर सापडला. आमच्या बोअरवेलचे पाणी जड आहे हे सगळ्यांना माहीत होते. भांड्यांवर त्याचे पांढरे थर बसतात. मी नर्मदेच्या पाण्याचे टँकर मागवले. नऊ दिवस आम्ही सालींना नर्मदास्नान घातले. जेलीवर परिणाम झाला नाही.

सोमवार येत राहिले. गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही नमुना देण्याचे कबूल केले होते आणि ती तारीख जवळ येत होती. शेवटी एकच कारण उरले असे मी ठरवले: साल टाकीत उशिरा जाते. वेळ न पाळणारा मुकादम हे कारण तर्काला धरून होते, आणि महत्त्वाचे म्हणजे ते प्रयोगशाळेच्या बाहेर होते. मी मोरेजींना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, साल तर मी सांभाळूनच ठेवतो. आल्याआल्या सगळ्यात आधी तेच करतो न.” मी ते कारण न मानता सबब मानले आणि दुसरी सूचना काढली. ‘आवारातील निष्काळजीपणामुळे मालाच्या प्रतीवर परिणाम झाल्याचे आढळून आले आहे. जबाबदारी निश्चित करण्यात यावी.’

त्यांना काढून टाका असे मी लिहिले नव्हते. जबाबदारी निश्चित करावी एवढेच लिहिले होते. ठेकेदाराने ती एका फोनमध्ये निश्चित केली. दुसऱ्या दिवसापासून मोरेजी आले नाहीत.

आणि जेली बसली.

पुढच्याच आठवड्यात जेली उभी राहिली. शेवया लांब आल्या, राख कमी झाली, नमुना वेळेवर गेला. सोमवारच्या बैठकीत मी दोन आलेख दाखवले. मध्ये एक उभी रेघ होती आणि रेघेवर तारीख होती. ती मोरेजींच्या शेवटच्या दिवसाची होती. नवीनजी म्हणाले, “मॅडम ने पकड लिया.” मी नम्रपणे वही मिटली.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे प्रयोगाचे पहिले तत्त्व शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. मी दोन बदलल्या होत्या. माणूस बदलला होता, आणि साल वेळेवर जावी म्हणून मी स्वतः टाकीपाशी उभी राहू लागले होते. तिसरी गोष्ट आपोआप बदलली होती. ती माझ्या आलेखात नव्हती. ढिगावर मात्र ती होती, घोंघावत होती, आणि मी ते पाहून मनाशी म्हटले होते की नवा मुकादम अजून शिकतो आहे.

सत्य घेऊन आले ते गौतमपुऱ्याकडचे रतनलालजी. ते म्हशी पाळतात. आमच्या टाकीच्या क्षमतेबाहेर उरलेली साल ते आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टरने फुकट नेत. एके दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि फुकटच्या मालाची तक्रार करू लागले.

त्यांचे म्हणणे असे की आधी एक महिना माल फार चांगला येत होता. तो दाबला की पाणी सोडायचा, दोन उन्हांत खडखडीत वाळायचा, सडायचा नाही. म्हशींनी पहिले तीन दिवस तोंड फिरवले, मग ढेपेत मिसळून दिल्यावर खाऊ लागल्या. आता पुन्हा पूर्वीसारखा चिकट माल येतो, दुसऱ्या दिवशी आंबतो, तिसऱ्या दिवशी किडे. “पेलावालो छिलको कां गयो, मॅडम?” आधीची साल कुठे गेली, असे त्यांनी माळवीत विचारले. “वोही दो.”

मी त्यांना समजावून सांगितले की तो माल सदोष होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या भागात हिंगोटाचे फळ कोरून आतला गर टाकून देतात आणि कवच ठेवतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्या कवचात दारू भरून दोन गावांचे लोक ते एकमेकांवर फेकतात. त्यामुळे फळातले काय ठेवावे आणि काय टाकावे याविषयी त्यांचे मत माझ्यापेक्षा मोकळे होते. ते म्हणाले, “सदोष थारे वास्ते होयगो. म्हारी भैंस के वास्ते तो एकदम पास थो.” आणि त्यांनी पिशवीतून त्या महिन्यातली वाळलेली साल काढून माझ्या कागदांवर ठेवली.

साल कडक होती, चिप्ससारखी मोडत होती. घड्यांमध्ये कुठे कुठे पांढरे ठिपके होते. मी एका ठिपक्यावर आम्लाचा थेंब टाकला. बुडबुडे आले. रतनलालजींना तो प्रकार आवडला. त्यांनी आणखी एका तुकड्यावर टाकायला सांगितला.

चुना होता.

इथे एक कौटुंबिक माहिती देणे भाग आहे. माझे आजोबा पलटणीत होते आणि निवृत्तीनंतर इंदूरजवळ, महूच्या छावणीलगतच राहिले. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटले की पलटणीत झाडांच्या बुंध्यांना, वाटेच्या कडेच्या दगडांना, गटारांच्या काठांना चुना लागत असे. आजोबांनी ती सवय घरी आणली. पाहुणे येणार असले की अंगणातल्या तुळशीकट्ट्याच्या जागी असलेल्या गुलाबाच्या वाफ्याच्या विटा पांढऱ्या होत, आणि मोरीभोवती भुकटीची रेघ पडे. कोणी तपासायला येणार असेल, माशा घालवायच्या असतील, तर चुना टाकायचा, हे मला बोलता येण्याआधीपासून ठाऊक होते. ते ज्ञान मी एम.एस्सी. करताना कुठेतरी ठेवून विसरले.

मी भांडारात गेले. मागणीची पावती सापडली. ‘चुना, पोती दोन, आवाराच्या साफसफाईसाठी.’ मागणारे मोरे. मंजूर करणारी मी. सही स्वच्छ आणि वाचता येण्याजोगी होती.

मोरेजी सकाळी सहाला येऊन ढिगावर चुना टाकत आणि मी नऊला येई. तीन तासांत ओल्या सालीवरचा चुना विरून जाई. त्यांनी काही लपवले नव्हते. मी सालीविषयी विचारले, त्यांनी सालीविषयी सांगितले. चुना त्यांच्या लेखी सालीसाठी नव्हता, माशीसाठी होता. आणि माशीचा हुकूम माझा होता. चुन्यातले कॅल्शियम पेक्टिनला धरून बसते, पेक्टिन जेली लावण्याच्या कामाचे राहत नाही. पण त्याचबरोबर सालीने स्पंजासारखे धरून ठेवलेले पाणी सुटते. साल पिळता येते, वाळते, टिकते. जगात इतरत्र मोसंबीवर्गाच्या सालीचे पशुखाद्य करताना हेच मुद्दाम करतात. मी ते वाचलेले होते. परीक्षेत त्यावर टीप लिहिली होती.

चुना लावण्यावरून जो विनोद होतो तो त्या महिन्यात मी सात वेळा ऐकला, म्हणून इथे देत नाही.

आता हिशेब सरळ होता. आमची टाकी निम्म्याहून कमी साल घेत असे. उरलेल्या सालीचे काय करायचे, हा कारखान्याचा खरा प्रश्न होता, पेक्टिन हा माझा होता. ओला कचरा बाहेर टाकता येत नव्हता, आणि रसवाल्यांनी कळवले होते की पुढच्या हंगामात सगळी साल उचलणार असाल तरच करार करू. करार गेला की पेक्टिनही गेले. पिळून वाळवलेल्या सालीचे पशुखाद्य केले तर दोन्ही वाचत होते. नवीनजींनी महिन्याची मुदत दिली.

मी चुना तोलून घेतला. प्रयोगशाळेत एक किलो सालीवर सगळे सुरळीत झाले. आवारात नाही. एका ट्रॉलीची साल रसरशीत, दुसरीची सुकलेली, तिसरी आंबायला लागलेली. वजनाने घातलेला चुना एकीला कमी पडे आणि दुसरीला जास्त होई. कमी पडला की पिळण्याच्या यंत्राच्या जाळीतून लापशी बाहेर येई. जास्त झाला की रतनलालजींच्या म्हशी ती साल हुंगून त्यांच्याकडे पाहत, आणि ते मला फोन करत.

मोरेजींना भेटायला मी पश्चात्तापाने गेले, असे लिहायला मला आवडले असते. मी मात्रा विचारायला गेले. पश्चात्ताप सोबत होता, पण तो मागच्या सीटवर होता.

ते विजय नगरमधल्या एका मॉलच्या तळघरात, दुचाक्यांच्या वाहनतळावर टोकन देत होते. गणवेश होता, शिट्टी होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून ते उठले, मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहून टोकन देऊ लागले. मी कसे आहात विचारले.

“मस्त आहे मॅडम. इथं माखी नाही. खाण्यासारखं काही नाहीच न.”

मी सगळे सांगितले: जेली, राख, नर्मदेचे टँकर, रतनलालजी, बुडबुडे. ते ऐकत होते आणि मध्ये मध्ये स्कूटरवाल्यांना, “भिया, साइड स्टँड नको, मेन स्टँड,” असे सांगत होते. चुन्याचा भाग आला तेव्हा त्यांचा टोकन देणारा हात थांबला.

“म्हणजे खराबी चुन्यानंच झाली होती?”

“हो.”

“म्हणजे माझ्याचकडून.”

“सूचनेमुळे,” मी म्हटले. “सूचना माझी होती.”

त्यांनी पुन्हा टोकने द्यायला सुरुवात केली. दोन स्कूटर गेल्या. मग मी विचारले की चुना किती टाकायचा हे त्यांना कसे समजत असे.

“मापून थोडीच. टाकायचा, फावड्यानं एकदा वरखाली करायचं, अन् चहा प्यायचा. मग एक साल मुठीत दाबायची. पाणी सोडलं तर झालं. नाही सोडलं तर अजून थोडा. जास्ती झाला तर बोटं चरचरतात, मग नवी साल मिसळायची.” त्यांनी मूठ करून दाखवली. “पण माखीसाठी होतं ते. पाण्याचं काय, ते तर मला आपलं असंच मालूम पडलं. रतनलाल बोलला, हलकी होते ट्रॉली.”

मी वहीत लिहून घेतले. ते वहीकडे पाहत होते.

“म्हणजे आपल्याला चुना पाहिजे,” ते म्हणाले. “मी नाही.”

“दोन्ही.”

“आधी चुना बोलल्या.”

मी वही मिटली. मी सांगितले की या वेळी ठेकेदार नसेल, कारखान्याच्या पटावर नेमणूक होईल, मी नवीनजींशी बोलले आहे. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी एक अट घातली. अट अशी होती की तो कागद फाडायचा नाही.

“कोणता?”

“बोर्डावर लावलाय तो. निष्काळजीवाला. सगळ्यांनी वाचला मॅडम. माझ्या जावयानं पण वाचला, तो माल घेऊन येतो कधी कधी तिकडं. आता आपण तो फाडला न, तर लोक बोलतील, होतं काहीतरी, दाबून टाकलं. तो राहू द्या. त्याच्या बाजूला दुसरा लावा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात.”

नवीनजींना नेमणूक मान्य होती, कागद मान्य नव्हता. ते म्हणाले, “मॅडम, कंपनी अपनी गलती बोर्ड पर नहीं लगाती.” त्यांनी दुसरा मार्ग सुचवला: वर्धापनदिनी मोरेजींना शाल, श्रीफळ आणि उत्कृष्ट कर्मचारी असे प्रमाणपत्र द्यावे. मी मोरेजींना फोन केला. ते म्हणाले की शाल त्यांच्याकडे आहे. मी नवीनजींना सांगितले की मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत आणि चूक कंपनीची नसून माझी आहे, त्यामुळे बोर्डावर लागेल ती माझी. “देख लो,” ते म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ परवानगी दिली आहे पण साक्षीदार नाही, असा होतो.

मोरेजी ज्या सकाळी आले त्या सकाळी मी तिसऱ्या सूचनेचा मसुदा घेऊन सहाला आवारात हजर होते. छापण्यापूर्वी त्यांना दाखवणे योग्य वाटले. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचला. मी लिहिले होते: ‘यापूर्वीच्या सूचनेत नमूद केलेले कारण तपासाअंती चुकीचे असल्याचे निदर्शनास आले आहे. आवारात निष्काळजीपणा झालेला नव्हता. संबंधितांनी नोंद घ्यावी.’

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण चुकी कोणाची होती?”

मी म्हटले, ते यातून समजते.

“मला समजलं. आपल्याला पण समजलं. पण त्या कागदात माझं समजत होतं मॅडम, ‘आवार’ बोललं की मीच न. दुसरं कोण होतं आवारात?”

मी तिथेच, चुन्याच्या पोत्यावर कागद ठेवून, मसुदा खोडला. नवा मजकूर असा: ‘सालींवरील माशा घालवण्याचा आदेश मी दिला होता. श्री. सदाशिव मोरे यांनी तो काटेकोरपणे पाळला. त्यामुळे मालात झालेला बदल ओळखण्यात मी चुकले आणि दोष त्यांच्यावर ठेवला. तो दोष त्यांचा नव्हता, माझा होता.’ त्यांनी पुन्हा वाचले, ‘काटेकोरपणे’ या शब्दावर थोडे थांबले आणि चष्मा खिशात ठेवला.

तो कागद बोर्डावर अजून आहे, निष्काळजीपणाचा शेजारी आहे. दोन्हींवर एकच सही. शेजारचा जुना असल्याने जरा पिवळा पडला आहे, बाकी अक्षरे सारख्याच मापाची आहेत. बाहेरून पाहणीला येणारे लोक दोन्ही वाचतात आणि काही प्रश्न विचारतात. मी उत्तरे देते. करार टिकला. हल्ली आमच्याकडून पेक्टिनपेक्षा पशुखाद्य कितीतरी अधिक बाहेर जाते. मी जे करायला आले होते ते कारखान्याच्या एका कोपऱ्यात चालते आणि ज्याच्यावर चालते ते माझ्या चुकीतून निघाले, ही गोष्ट मला पूर्णपणे आवडली आहे असे म्हणणार नाही. कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत आता एक पायरी आहे: ‘साल मुठीत दाबून पाहावी.’ शेजारी मोजमापाचा रकाना आहे. तो मी दोन हंगाम भरायचा प्रयत्न केला. तो रिकामा आहे.

त्या सकाळी मात्र हे काही ठरलेले नव्हते. मोरेजी कागद वाचून झाल्यावर ढिगाकडे गेले. नव्या मुकादमाने लावलेला तो ढीग एका बाजूला कलला होता आणि खाली झाडूच्या रेघा नव्हत्या. त्यांनी त्याला एक फेरी घातली, पायाने एक साल आत सरकवली आणि बराच वेळ वर पाहत राहिले.

“माखी फार झाली मॅडम,” ते म्हणाले.

मी म्हटले, हो. चौथी सूचना काढली नाही.